जानेवारीत सातेरीची (आपल्या देशी मधमाशीची) पेटी रिकामी झाली, कारण कसं शोधू?

काजूवाला_राजापूर:
नमस्कार मंडळी. घरामागे काजूत सातेरीच्या ३ पेट्या आहेत. पावसात साखरपाणी देऊन तिन्ही जगवल्या, दिवाळीनंतर छान भरल्या आणि आता ऐन मोहरात घात झाला. एक पार रिकामी, आत मेलेली माशीसुद्धा नाही, मध नाही, फक्त मेणकिड्याची जाळी. दुसरीत मूठभर माशा उरल्यात आणि पेटीसमोर जमिनीवर मेलेल्यांचा सडा. तिसरी ठीक. परदेशी व्हिडिओत थंडीसाठी पेटी गुंडाळायला सांगतात, व्हरोआ या माशीवरच्या गोचिडाचं औषध सांगतात, ते आपल्याकडे करायचं का? जीव तुटतोय हो.

सड्यावरची_माशी:
दादा, आधी एक करा, पेट्या साफ करू नका, पुरावा त्यातच आहे. आपल्याकडे माशांचा उपाशी काळ पावसाळा, थंडी नव्हे, त्यामुळे गुंडाळायची गरज नाही. व्हरोआ मुळात सातेरीवरचाच गोचीड, तिला तो बराचसा आवरता येतो, इटालियन माशीसारखी ती त्याने कोसळत नाही. मेणकिडा बहुतेक वेळा मागून येतो, वसाहत दुबळी झाली की. सड्यातल्या माशा हातात घेऊन बघा, सोंड बाहेर लोंबत असेल तर विषाचा संशय घ्या. रिकाम्या पेटीत पोळ्याची घरं तपासा. अळी मेलेली दिसली तर सुईने उचला, पाण्याच्या पिशवीसारखी अख्खी निघाली तर सॅकब्रूड, त्याच रोगाने १९९१-९२ला दक्षिणेत सातेरीच्या वसाहती धडाधड गेल्या. घरं स्वच्छ, अंडी-अळ्या काहीच नाही, मधही संपवलेला, असं असेल तर माशा ठरवून घर सोडून गेल्यात.

देवगड_कलमं:
मी आंबेवाला, खरं बोलतो. मोहरावर तुडतुड्यासाठी आमच्याकडे इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं मारतात, ती माशीला फार घातक. आजूबाजूला १-२ किलोमीटरमध्ये कुणी आठवड्याभरात फवारलं का ते विचारा. शेजारच्या पेट्यांतल्या माशा वेगवेगळ्या बागेत जातात, म्हणून तिसरी वाचली असेल. मोहर फुललेला असताना कीटकनाशक मारूच नये, पण मारणारच असतील तर संध्याकाळी माशा परतल्यावर मारा आणि आदल्या दिवशी कळवा म्हणून सांगा, म्हणजे तेवढे दिवस पेट्या लांब नेता येतील. भांडू नका, पुढच्या मोहरालाही तीच माणसं शेजारी असणार.

काजूवाला_राजापूर:
बघितलं. सड्यातल्या जवळपास सगळ्यांच्या सोंडा बाहेर, आणि खालच्या वाडीत मंगळवारी फवारणी झालेली. रिकाम्या पेटीत घरं स्वच्छ, अंडं नाही, अळी नाही. पण स्टँडकडे बघितलं तर मुंगळे चढू नयेत म्हणून पायाखाली ठेवलेल्या पाण्याच्या चारही वाट्या कोरड्या, पावसानंतर मी पाणीच घातलं नव्हतं, आणि एका पायावरून मुंगळ्यांची रांग थेट प्रवेशदारात. म्हणजे दोन पेट्या, दोन कारणं. तिसरीच्या वाट्या आत्ताच भरल्या, जाळीची पोळी काढून वितळवतोय, संध्याकाळी खालच्या वाडीत जाऊन येतो.

सड्यावरची_माशी:
जाताना मधाची एक बाटली न्या सोबत. आणि दुसऱ्या पेटीत राणी आहे का बघा, ताजी अंडी दिसली की समजा आहे, मग पेटीची जागा आक्रसून द्या, दोन पोळी ठेवा, बाकी काढा, उरलेल्या माशांना तेवढंच राखता येईल.