कोलोरॅडोच्या डोंगरात अस्वलं आणि थंडीचं सरपण, कोणाला अनुभव आहे का?

प्रतापनगरची आई
नमस्कार मंडळी, माझी पोरगी अन जावई पुढच्या महिन्यात कोलोरॅडोत एस्टेस पार्कला राहायला जाऊन राहिले, साडेसात हजार फुटावरचं गाव आहे. घरमालकाने सांगितलं की बर्फात लाइट गेली तर लाकडाची शेगडीच कामी येते, म्हणून आत्तापासून लाकूड भरा. आणि वरून म्हणाला की अंगणात अस्वलं येतात! नात लहान आहे हो. आपल्याकडे अस्वल म्हटलं की मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईवर हल्ला, हेच वाचतो आपण. गणपती झाले की मी पण जाणार आहे. लाकूड किती घ्यायचं, अन अस्वलांचं काय करायचं?

मेळघाटवाला
ताई, आपलं अस्वल अन तिथलं वेगळं. आपलं वारुळ खोदत असलं की त्याला माणूस जवळ येईपर्यंत कळतच नाही, अन दचकून एकदम अंगावर येतं, म्हणून इतके जखमी होतात. आपलं थंडीतही फिरतं, तिथलं काळं अस्वल गुहेत झोपून हिवाळा काढतं. ते शक्यतो माणसाला टाळतं, त्याला अन्न पाहिजे.

बोल्डरचा नागपूरकर
काकू, दादा बरोबर बोलले. मी त्याच भागात राहतो म्हणून सविस्तर लिहितो. नाव काळं अस्वल पण इथे बरीचशी तपकिरी असतात, ग्रिझली, म्हणजे ते मोठं धोकादायक तपकिरी अस्वल, समजून घाबरू नका, कोलोरॅडोत ग्रिझली आता नाहीत. खरा त्रास ऑगस्ट ते ऑक्टोबर, कारण झोपायच्या आधी ती दिवसाला 20,000 कॅलरीपर्यंत खातात अन वास फार लांबून घेतात. आणि आपला पितृपक्ष नेमका त्याच काळात येतो बघा, तर कावळ्याचा घास डेकवर, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्यावर, अजिबात ठेवू नका प्लीज. पापड कुरडया बाहेर वाळवणं बंद, पक्ष्यांचे दाणे बंद, कचरा गाडी येते त्याच सकाळी बाहेर. गाडीत नातीचं बिस्कीट पण विसरायचं नाही, अस्वल हँडल ओढून दार उघडतं अन आत अडकलं की सीट फाडून टाकतं. कार लॉकच ठेवायची. हे सगळं मी कळकळीने सांगतो कारण माणसाच्या अन्नाची सवय लागलेल्या अस्वलाला बऱ्याचदा शेवटी मारूनच टाकतात, अन चूक त्याची नसते. समोर दिसलंच तर पळायचं नाही, नातीला उचलून घ्यायचं, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकायचं.

लाकूड इथे कॉर्डने विकतात, 4 फूट उंच, 4 फूट रुंद, 8 फूट लांब रचलेला ढीग, म्हणजे 128 घनफूट. लाइट जाण्यापुरतंच पाहिजे तर एका कॉर्डने सुरुवात करा. आत्ताच घ्या, ऑक्टोबरमध्ये सगळेच धावतात अन ओलं लाकूड गळ्यात मारतात. जवळपासचंच घ्या, लांबच्या लाकडातून झाडं मारणारे किडे येतात.

प्रतापनगरची आई
बाप्पा, घासाचं तर डोक्यातच आलं नव्हतं! धन्यवाद बेटा. एक जण म्हणते पिकअप भरून देतो, तोच एक कॉर्ड. घ्यावं का? आणि सुकलेलं कसं ओळखायचं?

बोल्डरचा नागपूरकर
नाही काकू, साध्या पिकअपमध्ये कठड्यापर्यंत भरलं तर जेमतेम अर्धा कॉर्ड बसतो. रचून, टेपने मोजून मगच पैसे द्यायला सांगा. सुकलेलं असलं की टोकाला चिरा पडतात, हलकं लागतं, दोन ओंडके एकमेकांवर आपटले की ठण्ण वाजतं. ओलाव्याचा मीटर स्वस्त मिळतो, ओंडका फोडून आतल्या बाजूला लावायचा, 20 टक्क्यांच्या खाली पाहिजे. ओलं जाळलं की धुराड्यात डांबरासारखा थर बसतो अन तोच पुढे पेट घेतो.

वर्धा रोड
ताई, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का तेवढं जावयाला विचारा. अन राख झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून घराबाहेर ठेवायची, निखारे आत दोन-तीन दिवस पण जिवंत राहतात. उन्हाळ्यात ढीग भिंतीला टेकवू नका, वणव्याचा भाग आहे तो, 30 फूट लांब रचा.