पावसाळ्यात माणसे सोडायची आणि दिवाळीत सेवा उत्तम हवी, हे कसे जमणार?

माजी पर्यवेक्षक, मोहर्ली परिसर:
ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचे कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा गाभा, १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटनासाठी बंद असते. मी ज्या दोन पर्यटक निवासांत काम केले, तिथे जूनअखेरीस वेटर, हाऊसकीपिंगची मुले आणि स्वयंपाकघरातील मदतनीस यांना 'ऑक्टोबरात बोलावू' असे सांगून बिनपगारी घरी पाठवले जाई. त्यांतील तयार झालेली मुले नागपूर-पुण्याच्या हॉटेलांत लागत, ती परतत नसत. मग दिवाळीच्या गर्दीत चादर कशी ताणून घालावी हेही न शिकलेला मुलगा पाहुण्यांसमोर उभा राहतो आणि 'इथल्या पोरांना कामाची सवयच नाही' असे ऐकून घेतो. पावसाळ्यात अर्धा पगार देणे मालकांना याहून स्वस्त पडेल, असे माझे मत आहे.

नऊ खोल्यांचा मालक:
दुसऱ्याच्या गल्ल्यातून अर्धा पगार देणे सोपे असते. गाभ्याभोवतीचे बफर क्षेत्र पावसातही चालू असते हे खरे, पण आठवड्याला दोन गाड्या आल्या तरी मी पुष्कळ मानतो. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागतो. शिवाय वाऱ्यावर सोडणारे फक्त आम्हीच का? मे महिन्यात, ऐन हंगामात, तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पाने, तोडण्याचे रोख पैसे मिळतात म्हणून तीन-तीन माणसे न सांगता खाडा करतात. त्याला कोणते व्यवस्थापन पुरणार?

हाऊसकीपिंग कर्मचारी:
तेंदूपत्ता दरवर्षी त्याच सुमारास येतो, त्यात अचानक असे काही नाही. कोणाला कोणते आठ दिवस द्यायचे हे एप्रिलमध्येच ठरवले, तर न सांगता कोण जाईल? उन्हाळ्यात पहाटे चारला पाहुण्यांचा चहा, सफारीहून परतल्यावर नाश्ता, दुपारचे जेवण आणि रात्री अकरापर्यंतची जेवणे एकाच मुलाने वाढायची असतील, तर रात्री त्याच्या चेहऱ्यावर हसू कुठून येणार? मंगळवारी कोअर बंद, खोल्या रिकाम्या. तरी सुट्टी न देता आवारातले गवत काढायला लावतात.

एक शिक्षक, बुलढाणा जिल्हा:
शेगावला गजानन महाराज संस्थानातील सेवेकरी पगार न घेता जी स्वच्छता आणि जो नम्रपणा राखतात, तो पाहिला की वाटते, प्रश्न पैशांचा नसून वृत्तीचा आहे.

माजी पर्यवेक्षक:
श्रद्धेने येणाऱ्याची तुलना पोटासाठी राबणाऱ्याशी करू नये, गुरुजी. मात्र तिथला सेवेकरी ठरलेल्या पाळीने येतो, नेमून दिलेले काम करतो आणि घरी जातो. आमच्याकडे पाळी हा शब्द फक्त वहीत असे.

नऊ खोल्यांचा मालक:
मंगळवारच्या सुट्टीचे मान्य आहे, ती या हंगामापासून देतो. अर्ध्या पगाराचे गणित अजून पटत नाही. दोघा आचाऱ्यांना जुलैत थोडी उचल द्यावी आणि ते ऑक्टोबरात परतले तर ती माफ करावी, एवढे यंदा करून पाहीन. वेटरांचे पुढे बघू.