खाऱ्या पाण्याच्या टाकीचे सायकलिंग: अमोनिया शून्यावर येतो, पण नायट्राइट उतरत नाही

निळीखोली

नमस्कार. गोड्या पाण्यातले मासे मी बरीच वर्षे पाळत आलो आहे. खाऱ्या पाण्याची टाकी मात्र ही पहिलीच. सध्या तिचे सायकलिंग, म्हणजे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढवण्याचे काम, चालू आहे. टाकीत २०० लिटरच्या आसपास पाणी आहे. आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात समुद्री मीठ कालवून क्षारता दर हजारी ३५ वर आणली आहे आणि क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्याच प्रमाणित द्रावणावर जुळवून घेतला आहे. तापमान २६ अंश सेल्सिअस, दिवे बंद, स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) बंद, पाणी फिरवणारे दोन पॉवरहेड सतत चालू. खडक सगळा कोरडा असल्यामुळे त्यावर जिवाणू आयते मिळणार नव्हते, म्हणून बाटलीतले जिवाणू टाकले आणि अमोनियम क्लोराइड देऊन अमोनिया २ पीपीएमवर (दर दशलक्ष भागांत २) नेला. तो शून्यावर आला की पुन्हा तेवढीच मात्रा, असा क्रम तेव्हापासून ठेवला आहे.

आता संध्याकाळी दिलेली मात्रा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पूर्ण नाहीशी होते. नायट्राइट मात्र किटच्या रंगपट्टीवरच्या शेवटच्या, ५ पीपीएमच्या गडद जांभळ्या रंगावर ठाण मांडून बसले आहे, आणि नायट्रेट १०० च्या वर दिसते. महिना उलटून गेला तरी यात काडीचाही फरक नाही. एका जाणकारांनी सगळे पाणी बदलण्यास सांगितले, दुसऱ्यांनी एखादा डॅमसेल (काटक समुद्री मासा) सोडून पाहा असे सुचवले, तर तिसऱ्यांनी नायट्राइट शून्य होईपर्यंत पाण्याला हातही लावू नका असे बजावले. सायकल खरोखरच अडकली आहे का? पाणी बदलल्याने जिवाणू जातील का? आणि नायट्राइट असताना मासा सोडणे धोक्याचे आहे का? कृपया मार्गदर्शन करावे.

प्रवाळवेडा

आपण इतके तपशील दिलेत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. माझ्या मते टाकीत बिघाड काहीच नाही. घोळ मोजमापात आहे.

अमोनियाचा रेणुभार १७, नायट्राइटचा ४६ आणि नायट्रेटचा ६२. त्यामुळे २ पीपीएम अमोनिया पूर्णपणे नायट्राइटमध्ये गेला की त्याचे जवळपास ५.४ पीपीएम नायट्राइट होते, म्हणजे पहिल्याच मात्रेत आपली रंगपट्टी संपते. समजा, आजवर अशा पाच मात्रा झाल्या असतील आणि नायट्राइटवर जगणारे जिवाणू मागे पडले असतील, तर पाण्यात २७ पीपीएमपर्यंत नायट्राइट साचलेले असू शकते; त्यातले निम्मे उद्या संपले तरी किट तोच जांभळा रंग दाखवणार. म्हणून नमुना पातळ करून मोजावा. टाकीचे १ मिलिलिटर पाणी आणि नुकत्याच कालवलेल्या, टाकीत न गेलेल्या खाऱ्या पाण्याचे ९ मिलिलिटर एकत्र करून त्यावर चाचणी घ्यावी आणि येणाऱ्या आकड्याला दहाने गुणावे. नळी पांढऱ्या कागदावर धरून दिवसाच्या उजेडात पाहावी. पिवळ्या दिव्याखाली जांभळ्याच्या छटा एकमेकींत मिसळून जातात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने असे मोजले की आकडा खरोखर थांबला आहे की हळूहळू उतरतो आहे, ते कळेल.

नायट्रेटचा आकडा तूर्त सोडून द्यावा. त्याच पाच मात्रांतला सगळा अमोनिया शेवटच्या पायरीपर्यंत गेला असे धरले तरी नायट्रेट ३७ पीपीएमच्या पुढे जात नाही, मग १०० आले कुठून? बहुतेक किटांमध्ये नायट्रेटचे आधी नायट्राइट केले जाते आणि मग त्या नायट्राइटचा रंग मोजला जातो. पाण्यात आधीपासूनच असलेले नायट्राइट त्यात जमा होते आणि आकडा भलताच फुगतो. नायट्राइट उतरेपर्यंत नायट्रेट मोजण्यात रसायने खर्ची घालण्याचे कारण नाही.

आता धोक्याविषयी. गोड्या पाण्यात नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरते, हिमोग्लोबिनचे मेटहिमोग्लोबिन करते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पण कल्ल्यांतून आत जाण्याची ती वाट मुळात क्लोराइडची आहे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते, त्या गर्दीत नायट्राइटला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही, आणि म्हणून खाऱ्या पाण्यात तेवढीच इजा होण्यासाठी ते कितीतरी पटींनी अधिक असावे लागते. ‘नायट्राइट शून्य झाल्याशिवाय मासा नाही’ हा दंडक गोड्या पाण्याच्या छंदातून इकडे आलेला आहे.

अमोनियाचे नेमके उलट आहे. पीएच ७ च्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी, मुक्त स्वरूपात असतो; पीएच ८.२ च्या खाऱ्या पाण्यात हेच प्रमाण साधारण पाच ते आठ टक्क्यांवर जाते. तेव्हा आपल्या टाकीचा खरा दरवाजा अमोनिया आहे, आणि २ पीपीएमची मात्रा चोवीस तासांत संपत असेल तर तो उघडलेला आहे. त्यासाठी डॅमसेलचा बळी देण्याची गरज नव्हती आणि आताही नाही. जगला तर तो पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला पिटाळून लावील, ते वेगळेच.

पाणी बदलण्यास हरकत नाही. नायट्रीकरण करणारे जिवाणू मुख्यतः खडक, वाळू आणि फिल्टर यांच्या पृष्ठभागावरच्या पातळ थरात राहतात. मोकळ्या पाण्यात त्यांची संख्या नगण्य असते. नवे पाणी त्याच क्षारतेचे आणि तापमानाचे असावे व त्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन नसावे, एवढे पाहिले की निम्मे काय, त्याहून अधिक पाणी बदलले तरी सायकल मोडत नाही.

शांतसागर

रसायनशास्त्राबद्दल दुमत नाही, पण घाई करण्याबद्दल आहे. नायट्राइट उतरणे हे माशाच्या जिवासाठी नव्हे, तर टाकीच्या वयाची खूण म्हणून मी अजूनही महत्त्वाचे मानतो. अमोनिया खाणारे आणि नायट्राइट खाणारे हे दोन वेगळे गट आहेत. अन्न कुजवणारे सामान्य जिवाणू तासाभराच्या आत दुप्पट होतात, तर या दोन्ही गटांना त्यासाठी अनेक तास, कधी दिवसाहून अधिक वेळ लागतो, आणि दुसरा गट पहिल्याच्या मागून येतो. शिवाय सगळे श्रेय जिवाणूंचे नाही. अमोनियावर जगणारा नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस नावाचा आर्किया (जिवाणूंसारखा, पण वेगळ्या गटातला सूक्ष्मजीव) २००५ मध्ये प्रथम वेगळा करण्यात आला, तो सिअॅटल अॅक्वेरियममधल्या एका टाकीच्या खड्यांतून. बाटलीत त्यातले काय आहे आणि काय नाही, हे लेबलावरून क्वचितच समजते.

कोरड्या खडकाची टाकी अमोनिया पचवू लागली तरी इतर अर्थांनी उजाडच असते. दिवे लागले की आधी डायटमचा (सूक्ष्म शैवालाचा) तपकिरी थर, मग हिरवे शेवाळ, हा क्रम ठरलेला आहे. जुन्या, निरोगी टाकीतला लाइव्ह रॉकचा (जिवाणू आणि इतर जीव वसलेल्या खडकाचा) एखादा तुकडा किंवा मूठभर वाळू आणता आली तर फार फरक पडतो. मात्र त्याबरोबर एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) येत नाही ना, आणि ती टाकी माशांच्या रोगांपासून मुक्त आहे ना, हे पाहून घ्यावे.

थेंबथेंब

अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलून पीएच टिकवण्याची पाण्याची क्षमता, कोणी विचारलीच नाही. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रीकरण होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. २ पीपीएम अमोनियाच्या एका मात्रेमागे हे ०.६५ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक) इतके भरते, म्हणजे पाच मात्रांत तीन डीकेएचहून अधिक. मिठाच्या पाण्याची सुरुवात ८ ने झाली असेल तर आज आपण ५ च्या खाली असाल, पीएच घसरला असेल आणि जिवाणूंचा वेग मंदावला असेल.

दुसरी शक्यता फॉस्फेटची. आरओ-डीआयचे पाणी, कोरडा खडक आणि अन्न म्हणून निव्वळ अमोनियम क्लोराइड, अशा टाकीत फॉस्फेट जवळजवळ नसते, आणि त्यावाचून नायट्राइट खाणाऱ्या जिवाणूंची वाढ खुंटते. माशांच्या खाद्याची एक चिमूट टाकली तरी ही उणीव भरून निघते. अमोनियाची मात्रा मात्र आता थांबवा. क्षमता सिद्ध झाल्यावरही रोज २ पीपीएम देत राहणे म्हणजे नायट्राइटचा ढीग स्वतःच वाढवत राहणे होय.

निळीखोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अल्कलिनिटी मोजली, ४.८ डीकेएच निघाली. नमुना दहापट पातळ करून पाहिला तर नायट्राइट २० च्या जवळ आले, म्हणजे प्रवाळवेडा यांचा अंदाज बरोबर होता. निम्म्याहून अधिक पाणी बदलून खाद्याची चिमूट टाकली. त्यानंतर अल्कलिनिटी ७ च्या आसपास आली असून पातळ नमुन्यात नायट्राइट पहिल्यांदाच उतरताना दिसत आहे. अमोनियाच्या चाचणीत अजून किंचित हिरवट झाक येते, ती खरी मानावी का?

पहिले मासे म्हणून टाकीत वाढवलेल्या ओसेलारिस क्लाउनफिशची एक जोडी घेण्याचा विचार आहे. त्यांना आधी वेगळे ठेवावे असे सर्वत्र वाचले. पण तोपर्यंत मुख्य टाकीतले जिवाणू उपाशी मरणार नाहीत का?

प्रवाळवेडा

हिरवट झाकेसाठी नुकत्याच कालवलेल्या खाऱ्या पाण्याची चाचणी शेजारी ठेवून पाहावी. सॅलिसिलेट प्रकारच्या किटांत खाऱ्या पाण्याला अशी झाक पुष्कळदा येते. दोन्ही नळ्यांचा रंग सारखा असेल तर तो शून्यच समजावा.

जिवाणू लगेच मरत नाहीत, अन्न कमी झाले की त्यांचे काम मंदावते. मासे येईपर्यंत आठवड्यातून एक-दोनदा खाद्याची चिमूट किंवा अर्धा पीपीएम अमोनिया एवढे पुरे. २०० लिटरमध्ये अर्ध्या पीपीएमसाठी अमोनियम क्लोराइड साधारण ०.३ ग्रॅम लागते. ते चमच्याने मोजू नका, १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम विरघळवून त्यातले १० मिलिलिटर टाका. बाष्पीभवनाची भरपाई साध्या आरओ-डीआय पाण्यानेच करावी, कारण मीठ उडून जात नाही आणि खारे पाणी भरत राहिल्यास क्षारता चढत जाते.

जोडी योग्य आहे. मुख्य टाकीत आल्यावर पहिला आठवडा अमोनिया रोज मोजा, खाद्य हात राखून द्या, आणि पुढचा मासा काही आठवड्यांनीच आणा. पाच-सहा मासे एकदम सोडले तर जिवाणूंची वाढ मागे पडते आणि अमोनिया पुन्हा दिसू लागतो.

वेगळे ठेवण्याबद्दल तडजोड करू नये. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या परजीवीमुळे येणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला की ती कित्येक आठवडे माशांविना ठेवावी लागते, आणि उपचाराचे तांबे तिथे घालता येत नाही: खडक आणि वाळू ते शोषून घेतात, आणि गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ असे जीव त्याने दगावतात. विलगीकरणाच्या टाकीसाठी वेगळी सायकल करत बसण्यापेक्षा एक फिल्टरचा स्पंज आजच मुख्य टाकीत प्रवाहाच्या जागी ठेवून द्या. मासे आणण्याच्या दिवशी तो तिकडे हलवला की जिवाणू तयार मिळतात. तिथे तांब्याचा उपचार झाला असेल तर तो स्पंज पुन्हा मुख्य टाकीत आणू नये.