६ जुने पीसी, टॅली आणि दोन राऊटर: विंडोज ११ की लिनक्स?

मिरजकर:
नमस्कार मंडळी. आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे, दोन खोल्या, ९ पीसी. त्यातले ६ चौथ्या जनरेशनचे आय३, रॅम ८ जीबी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे सहा पीसी विंडोज ११ घेत नाहीत. सगळे नवीन घेणं जमणार नाही. भाचा म्हणतो लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाक. अजून एक त्रास, टॅलीचा (हिशेबाचं सॉफ्टवेअर) डेटा माझ्या टेबलवरच्या मशीनवर शेअर आहे, आतल्या खोलीतून कधी उघडतं कधी नाही, आणि बाहेरच्यांना आतला प्रिंटर दिसतच नाही. आत वायफायसाठी जास्तीचा राऊटर लावलाय.

केबलवाला:
दादा, विंडोज की लिनक्स ते नंतर, आधी तो आतला राऊटर बघा. बाहेरून आलेली केबल त्याच्या वॅन, म्हणजे इंटरनेटच्या लाइनसाठीच्या, पोर्टात असणार, म्हणजे आत वेगळंच नेटवर्क झालंय. दोन्ही खोल्यांत कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग (ipconfig) मारा, मशीनचा आयपी पत्ता एकीकडे १९२.१६८.० ने आणि दुसरीकडे १९२.१६८.१ ने सुरू होत असला की तेच कारण. त्या राऊटरचा डीएचसीपी (मशीनना आपोआप आयपी वाटणारी सोय) बंद करा, त्याला पहिल्याच्या रेंजमधला एक मोकळा आयपी द्या आणि मग केबल लॅन, म्हणजे ऑफिसातली मशीन जोडायच्या, पोर्टात घाला. डीएचसीपी चालू ठेवून लॅनमध्ये घातली तर दोघं आयपी वाटत बसतील आणि आहे त्यापेक्षा जास्त गोंधळ होईल.

केबलचे आठही तार जोडलेत का तेही बघा. चारच जोडले की लिंक १०० एमबीपीएसवरच थांबते, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठ लागतात. आणि टॅलीचा डेटा तुमच्या टेबलवर नको हो, तुम्ही मशीन रिस्टार्ट केलं की सगळ्यांचं काम तुटतं. एक मशीन फक्त डेटासाठी ठेवा, यूपीएसवर, रोज बॅकअप.

सोलापुरी:
वरच्या मताशी सहमत. पण लिनक्सबद्दल जपून. टॅली विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, ते वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायचे उद्योग रिटर्नच्या तारखा तोंडावर असताना करू नका, मी केलेत आणि दोन रात्री गेल्यात. डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन लागतं ते मशीनही विंडोजच ठेवा. काही जण टीपीएमची (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) अट चुकवून जुन्या पीसीवर ११ टाकतात, क्लायंटचा डेटा असलेल्या ऑफिसात मी ते अजिबात करणार नाही, पुढचे अपडेट मिळतील याची खात्री नसते.

केबलवाला:
म्हणूनच मी टेबलाप्रमाणे ठरवतो. फक्त ब्राउझर, मेल, पत्रं, पीडीएफ एवढंच जिथे चालतं तिथे मिंट एक्सएफसीई (लिनक्सचाच एक हलका प्रकार) घाला, ८ जीबीत छान पळतं, २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) नसेल तर तीही टाका, फरक लगेच कळेल.

मिरजकर:
बरोबर निघालं, आत १९२.१६८.१ होतं! भाच्याने काल रात्री बदललं, आज सकाळपासून टॅली एकदाही अडकलं नाही. आता तीन टेबलांवर मिंट घालायचा विचार आहे. मराठी पत्रांचं काय होईल?

सोलापुरी:
युनिकोडमध्ये असतील तर लिब्रेऑफिसात (लिनक्सवर चालणारं, वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) उघडतील, इनस्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो. पण जुन्या श्रीलिपीतली (युनिकोड नसलेले फॉन्ट) पत्रं त्या फॉन्टशिवाय वाचता येणार नाहीत, ती आधी विंडोजवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि इन्स्टॉल करायच्या आधी मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून तुमच्या प्रिंटरवर एक पान काढून बघा, काही लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर लिनक्सवर फार छळतात.