प्रवासाचे चार तास कोणाच्या खात्यात?

ठाणेकर_निवृत्त: आम्ही 30 वर्षं लोकलने ऑफिस केलं, कधी कुरकुर केली नाही. आताच्या पोरांना आठवड्यातून तीन दिवस या म्हटलं तरी जिवावर येतं. घरून काम म्हणजे निव्वळ कामचुकारपणा.

बदलापूरकर: राहवलं नाही म्हणून लिहितोय. काका, कंटाळा कामाचा नाही, कुर्ल्याचा आहे. सकाळी सातची गाडी, कुर्ला पश्चिमेला उतरलं की बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसला जाणाऱ्या शेअर रिक्षाची लाईन, पावसात तर ती लाईन पार जिन्यापर्यंत येते, सगळे छत्र्या मिटून एकमेकांच्या अंगावर, टेबलाशी पोचेपर्यंत दोन तास गेलेले असतात आणि तेवढेच परत येताना. घरून काम असतं त्या दिवशी संध्याकाळी मुलीचा अभ्यास मी घेतो. बाकीचे दिवस ती झोपलेलीच दिसते. ऑफिस चालत दहा मिनिटांवर असतं तर रोज गेलो असतो.

मुलुंड_पूर्व: मी 22 वर्षं बँकेत काउंटरवर आहे. आमचं काउंटर घरी येत नाही. नर्स, शिक्षक, दुकानातली मुलं, यांना कोण देणार हायब्रिड, थोडे दिवस घरून, थोडे दिवस ऑफिसात? वर तुम्ही सगळे मंगळ-बुध-गुरु एकदम येता, त्या दिवशी लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नसते.

बदलापूरकर: ताई, वार आम्ही नाही ठरवत, कंपनी ठरवते. आणि मी घरी बसलो की गाडीत एक माणूस कमी होतो, यात तुमचं नुकसान काय?

दिवा_पूर्व: मला ऑफिसच बरं. वन रूम किचनमध्ये आम्ही पाच जण, लॉकडाऊनमध्ये कॉल चालू असताना कुकरची शिट्टी झाली की जीव मेल्यागत व्हायचा. काम शिकलो ते पण सिनियरच्या बाजूला बसून. पण दिव्याला सकाळी फास्टमध्ये चढून दाखवा. जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारातली माणसं पडून गेली, तेव्हापासून आई रोज फोन करते, पोचलास का.

डोंबिवली_फास्ट: म्हणूनच म्हणतो सगळ्या गाड्या एसी करा, दारं बंद, विषय संपला.

दिवा_पूर्व: एसीचा पास तुम्ही भरणार का माझा? साधी गाडी काढून त्याच वेळेला एसी लावली की आमची गाडीच गेली. ऑगस्ट 2022 ला कळव्यात लोकांनी एसी गाडी अडवली, बदलापुरात पब्लिक स्टेशनात जमलं, शेवटी 10 फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या.

डोंबिवली_फास्ट: गाड्या अडवून काय मिळालं? माझ्या मित्राला दारातून पडताना बघितलंय मी. भाड्याचं मला सांगू नका.

दिवा_पूर्व: आणि दारात आम्ही हौसेने उभे राहतो का? नीट बोला.

मुलुंड_पूर्व: अहो भांडू नका. बदलापूरकर, गाडीतला एक माणूस कमी होतो हे मला पटलं. तुम्ही घरी बसा, पण तुमच्या कंपन्यांना सांगा, सगळ्यांना एकच वार देऊ नका.

ठाणेकर_निवृत्त: मी ठाण्याहून चढायचो, बदलापूरचा हिशेब केला नव्हता. चार तास जास्तच आहेत. दोन दिवस घरून, चला मान्य. नवीन पोरांनी मात्र पहिलं वर्ष ऑफिसातच काढावं, यावर मी ठाम आहे.

दिवा_पूर्व: काढतोच आहे काका. साध्या गाडीने.