अंगणातलं तळं आणि चिलटांचा ढग : तुमचे अनुभव लिहा

घरामागे छोटंसं तळं असलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. दिवे लागायच्या वेळेला पाण्यावर चिलटांचे खांब उभे राहतात, तोंड उघडलं की आत जातात, दाराशी दिवा लावला की भिंत काळी होते. यावर काय केलं, काय लागू पडलं, काय नाही, ते सांगा. दोनच अटी. स्वतः करून पाहिलेलंच लिहा. आणि किडा कसा दिसतो, चावतो का, हे आधी लिहा, कारण त्याशिवाय उपायाला अर्थ नाही.

बागुलबुवा

दुसरी अट फार बरी घातलीत. मी उपाय विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी पांढरा वाडगा घ्यायला सांगतो. तळ्याच्या कडेचं पाणी त्यात घ्यायचं आणि जरा वेळ हलवायचं नाही. पृष्ठभागाला शेपटी लावून डोकं खाली लोंबकळणाऱ्या, सावली पडली की वळवळत तळाशी जाणाऱ्या अळ्या दिसल्या तर डास. मलेरियाच्या डासाची अळी लोंबकळत नाही, पृष्ठभागाला समांतर आडवी पडते. मग तळचा गाळ थोडा उपसून दुसऱ्या वाडग्यात घ्यायचा. त्यात लालभडक, बारीक, दोऱ्याच्या तुकड्यासारखी अळी निघाली तर ती न चावणाऱ्या चिलटांची. रंग हिमोग्लोबिनचा. गाळात प्राणवायू कमी असतो, तिथे तगून राहायला तो उपयोगी पडतो.

भिंतीवर बसलेला किडाही ओळखता येतो. डास बसला की मागचे पाय वर उचलतो, हे चिलट पुढचे दोन पाय वर धरून बसतं. चावायची सोंड नाही. नराच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार, साध्या भिंगातूनही दिसतात.

आमच्याकडे तळ भरून लाल अळ्या निघाल्या. औषध टाकलं नाही, गाळ काढला. एकदम सगळा नाही, एका वेळी एक कोपरा, म्हणजे बाकीचे जीव टिकतात. वर झुकलेल्या फांद्या छाटल्या, पालापाचोळा पाण्यात पडण्याआधीच जाळीने उचलायला लागलो आणि माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. तळाशी कुजणारं उरलं नाही की अळीचं पोट भरत नाही. ढग अजूनही येतो, पण आता त्यातून पलीकडची भिंत दिसते.

मावळतीची उन्हं

चावत नाहीत ना? मग राहू द्या की! प्रौढ चिलट काही दिवसच जगतं. तो ढग बहुतेक नरांचा असतो, माद्यांची वाट बघत नाचणारा. आमच्याकडे वटवाघळं येऊन जेवून जातात.

सखूबाईची_नात

मावळतीची उन्हं, तुमच्या घरात दमेकरी नसेल. आमच्या सासूबाईंना दिव्याखालची मेलेली चिलटं झाडली की शिंका आणि डोळ्यांना खाज सुरू. डॉक्टरांनी सांगितलं, या चिलटांच्या वाळक्या भुग्याचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते. तेव्हापासून कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसते.

मुख्य उपाय दिव्याचा. दाराशी पांढरा झगझगीत दिवा होता, तो काढून पिवळसर उजेडाचा, खाली तोंड असलेला लावला. दुसरा दिवा मुद्दाम अंगणाच्या टोकाला, बसण्याच्या जागेपासून लांब. चिलटं तिकडे. तळ्यात जराही फरक केला नाही, घरात मात्र मोठाच फरक पडला.

खडखडाट

दिव्यावरून आठवलं, तो निळा चटचट दिवा कुणीही घेऊ नका. आमच्या ट्रेमध्ये पतंग आणि भुंगेरे, डास शोधावा लागतो. १९९६ साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अशा दिव्यांनी मारलेले किडे मोजले होते. १३,७८९ किड्यांपैकी चावणारे फक्त ३१.

जलपर्णी

माझा अनुभव कारंज्याचा. पंप बसवला, पाणी हलतं राहिलं, आणि डासांच्या अळ्या गेल्या. डासाला अंडी घालायला शांत पाणी लागतं आणि अळीला श्वासासाठी पृष्ठभागाला चिकटून राहावं लागतं. पण संध्याकाळचा ढग जसाच्या तसा! पंपवाल्याने तर छातीठोकपणे सांगितलं होतं की सगळंच जाईल.

बागुलबुवा

@जलपर्णी, जाणार कसा? ती अळी तळाच्या गाळात नळी करून राहते. वर पाणी हललं काय, न हललं काय, तिला फरक पडत नाही. ढग कमी करायचा तर गाळाला हात घालावा लागेल.

ओंजळभर

आमच्याकडे चावणारे होते, म्हणजे डासच. बीटीआयच्या, म्हणजे डासांच्या अळ्या मारणाऱ्या एका जिवाणूच्या, वड्या वापरते. हा जिवाणू १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. अळीने तो खाल्ला की त्यातलं प्रथिन तिच्या आतड्यात विरघळतं आणि आतडं फुटतं. मासे, बेडूक, चतुर यांना काही होत नाही. आमचे बेडूक टुणटुणीत आहेत.

लोक 'चालत नाही' म्हणतात त्याची दोन कारणं मला दिसतात. एक, वडी टाकली तेव्हा अळ्यांचे कोष झालेले असतात. स्वल्पविरामासारखे वाकडे दिसतात ते. कोष काही खातच नाही, त्यामुळे त्यातून डास निघतोच. दोन, वडी एकदा टाकून विसरतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, त्यामुळे पाकिटावर लिहिलेल्या मुदतीला पुन्हा टाकावीच लागते. गाळातल्या लाल अळ्यांवर मात्र डासांसाठीचं प्रमाण सहसा पुरत नाही.

नुसताच_वाचक

गप्पी मासे सोडा, विषय संपला.

टाचणी

@नुसताच_वाचक, बंदिस्त तळ्यात एकवेळ ठीक. पण पावसात तळं भरून वाहतं आणि मासे ओढ्याला लागतात, त्याचं काय? गप्पीसारखाच अळ्या खाणारा गॅम्बुशिया मासा डासांसाठीच जगभर सोडला होता. आज तो सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत आहे. बेडकांची पिल्लंही खातो.

मी तळ्यात एकही मासा ठेवत नाही. त्याऐवजी पाण्यातून वर येणाऱ्या उभ्या काड्या आणि लव्हाळी ठेवली. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं आणि खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून अळी पकडतं. वाढ पूर्ण झाली की काडीवर चढून कात टाकतं. त्या वाळक्या काती काडीला चिकटून राहतात, पाठीवर चीर, आत पांढरे धागे. पहिली कात दिसायला बराच काळ गेला, हे खरं. घाई असलेल्यांसाठी हा उपाय नाही.

उंटावरचा

थोडं रॉकेल ओतलं तर? आजोबा डबक्यात ओतायचे.

टाचणी

नको हो! तवंगाने अळ्या गुदमरतात, तसे श्वासाला वर येणारे, अळ्या खाणारे पाणकिडेही गुदमरतात. मग डास आधी परततात आणि त्यांना खाणारं कुणी नसतं.

कुंडीतला_कवी

आमचा दोष तळ्यावर जात होता, चिलटं निघाली काठावरच्या कुंड्यांतून. काळी, बारीक, उडण्यापेक्षा मातीवर पळणारी. कच्च्या बटाट्याची चकती ओल्या मातीवर ठेवली आणि दोन-तीन दिवसांनी उलटली, खाली काळ्या डोक्याच्या काचेसारख्या अळ्या. सतत ओल्या मातीतल्या बुरशीवर वाढतात. वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर सुकल्याशिवाय आता पाणी घालत नाही. पिवळे चिकट कागद लावले, त्यावर किती चिकटतात यावरून कमी-जास्त कळतं.

खडखडाट

बसायच्या जागी टेबलफॅन. चिलट असो की डास, वाऱ्यापुढे दोघांचंही काही चालत नाही.

जलपर्णी

बागुलबुवा, गाळाचा एक कोपरा काढला, लाल अळ्या निघाल्या. आणि ओंजळभर, फिल्टरच्या पेटीच्या झाकणात पावसाचं पाणी साचलं होतं, त्यात डासांच्या अळ्या! तळ्यात एकही नाही. झाकण आता तिरकं बसवलंय. काढलेला गाळ झाडांना घातला तर चालेल का?

बागुलबुवा

चालेल, उत्तम खत आहे. फक्त रात्रभर तळ्याच्या काठावरच ठेवा, त्यातले जीव परत पाण्यात जातील.