मदत हवी आहे: बेटावरच्या विहिरीचं पाणी मचूळ झालंय आणि दादा ती अजून खोल करायला येतोय

नमस्कार. प्रश्न विहिरीचा आहे की घरचा, हे माझं मलाच ठरवता येत नाहीये. म्हणून सगळंच लिहितो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही एका लहानशा बेटावर राहतो. आई, बाबा, बायको, मुलगी आणि मी. दादा आणि ताई शिकायला म्हणून बाहेर पडले ते तिकडचेच झाले. मी राहिलो. नळाचं पाणी इथे नाही. प्यायला, वापरायला, झाडांना एकच विहीर.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिच्यावर रहाट होता. सुट्टीत आला असताना दादाने आईचे दुखरे खांदे बघितले आणि परत गेल्या गेल्या मोठा पंप पाठवून दिला. धक्क्यावर तो होडीतून उतरवायला चार माणसं लागली. आई खूश, टाकी वीस मिनिटांत काठोकाठ. मीही खूशच होतो, खोटं कशाला बोलू.

गेल्या सुट्टीत सगळे मिळून आम्ही अकरा जण होतो, पंधरा दिवस. पंप दिवसातून पाच-सहा वेळा चालायचा. (इथलं पाणी संपतं, हे आपल्याच माणसांना कसं सांगायचं, यावर वेगळा धागा काढावा लागेल.) मंडळी गेली आणि चार दिवसांत साबणाला फेस येईना. मग चवही बदलली.

मी थोडं वाचलं. बेटाच्या पोटातलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल, तर खाली साधारण ४० मीटर असतं. हिशेब उलटाही लागू पडतो. उपशाने पातळी १ फूट उतरली आणि तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी हळूहळू ४० फुटांपर्यंत वर येऊ शकतं. म्हणजे विहीर आटली नाही, आम्ही समुद्राला वर ओढून घेतलं.

आणि दादाचं म्हणणं, "पाणी कमी पडतंय ना, मग अजून पंधरा फूट खणू." महिनाभराची रजा टाकून येतोय.

मी बाबांना म्हटलं, तुम्ही सांगा त्याला, तुमचं ऐकेल. बाबांना या विहिरीचं माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खणू दे. त्या निमित्ताने महिनाभर राहील तरी."

यावर मी काय बोलणार?

तर विचारायचं ते असं: मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी होते का? आणि दादाला दुखावल्याशिवाय थांबवायचं कसं? पंप त्याने प्रेमाने दिला होता. "तुझ्या पंपाने विहीर गेली" हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही.

प्रतिसाद १
खणू नका. खोल जाल तितके खाऱ्याच्या जवळ जाल. विहीर सुधारू शकते, पण पावसाच्या भरवशावर. काही महिने लागतील, कधी वर्षंही. तोवर उपसा अगदी कमी. पंप काढायची गरज नाही, लहान बसवा, फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपच्या विहिरीतल्या टोकाची झडप) वर घ्या, थोडा वेळ चालवून विहिरीला विसावा द्या. विद्राव्य क्षार मोजायचं छोटं यंत्र मिळतं, त्याने दर आठवड्याला नोंद ठेवा. आणि उकळून मीठ जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. आईबाबांपैकी कुणाला रक्तदाब असेल तर पिण्यासाठी दुसरी सोय लगेच बघा.

प्रतिसाद २
विहिरीचं वर आलंच आहे. मी धाकटी बहीण, आमच्याकडे उलटं होतं, दूर राहणारी मी होते. लांब राहणाऱ्याला घरासाठी काहीतरी दणदणीत करून दाखवायचं असतं हो, कारण रोजचं काही करता येत नाही. दादाचा महिना काढून घेऊ नका, काम बदला. छपराला पन्हळी आणि पावसाच्या पाण्याची टाकी! १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटर छप्पर आणि १,००० मिलिमीटर पाऊस धरला तर १ लाख लिटर, त्यातलं थोडं वाया जाईल. पहिल्या सरीचं पाणी मात्र बाहेर सोडायचं, छपरावरची घाण आणि मीठ त्यात येतं. खिळे-पट्ट्या साध्या लोखंडाच्या नकोत, खाऱ्या हवेत टिकत नाहीत.

धागाकर्ता
दोघांचे आभार. काल दादाला फोन केला. विहिरीचं एवढंच सांगितलं की खाली खारं लागलंय, तिला जरा पडून राहू दे. पंपाचा विषय मी काढला नाही. तोच म्हणाला, "मी जास्तच मोठा पाठवला का रे?" मी म्हटलं, अकरा माणसं होतो आपण.

मग टाकीचं सांगितलं. पाच मिनिटांत त्याने छपराची मापं मागितली. बाबा शेजारीच बसले होते, फोन घेऊन म्हणाले, "मापं इथून नीट घेता यायची नाहीत. तू आल्यावर घेऊ." आमच्याकडे पंचवीस मीटरची टेप आहे, खुंटीलाच टांगलेली.

लहान पंप किती ताकदीचा घ्यावा, कुणी सांगेल का? विहिरीत सध्या सात फूट पाणी आहे.